धंदा: अंगावर पाजणे

ओरोंझोकाका : ...आणि त्या गाढवाचं नाव एकदा खानेसुमारीत चढलं म्हटल्यावर, पोरी, वीस वर्षांनी त्याला लष्करातून बोलावणं आलं! गाढव गेलंही. हवालदार होऊन परतलं.

मारिस्टेल्ला : ओरोंझोकाका, या दप्तरखान्यात चाळीस वर्षं काय असली गाढवंच हाकलीत? मला खरं हवंय, आणि आज हवंय. सोमवारी दफनभूमीतला जुना तुकडा उकरणार. पोम्पिलियाच्या अस्थी नात्यातल्या कुणी मागितल्या नाहीत, तर सगळ्यांबरोबर सामाईक खड्ड्यात.

ओरोंझोकाका : मग ठेवा की तुमच्या घराण्याच्या कबरीत. जागा तर आहे. तुझा बाप कोसिमो पाय पसरून झोपणार असेल तर गोष्ट वेगळी.

मारिस्टेल्ला : बाबांनीच तर अडवलंय. ‘आमच्या दगडाखाली रक्ताचीच माणसं. ती पगारी बाई होती.’ त्यांच्या आजोबांना, निकोलांना, तिनं लहानाचं मोठं केलं, पण कागदावर नातं शून्य. बाहेर बाकावर बसलेत बघा, आत यायलाच तयार नाहीत.

ओरोंझोकाका : बसू दे. ऊन लागलं की माणूस मऊ होतो, अंजिरासारखा. ही घे, १८८१ची खानेसुमारी. घर पंधरा. वाच.

मारिस्टेल्ला : पोम्पिलिया, वय एकोणीस, अविवाहित... धंद्याच्या रकान्यात काय हे? कोंबडी चालून गेलीय.

ओरोंझोकाका : मास्तर गणतीला घरोघर फिरायचा, आणि घरोघरी त्याला पेला मिळायचा. पंधराव्या घरापर्यंत अक्षर असंच व्हायचं. ‘अंगावर पाजणे, गावातर्फे.’

मारिस्टेल्ला : म्हणजे बाबा म्हणतात तेच. पगारी. खाली मूल आहे : निकोला इन्चेर्ती, वय नऊ महिने, चक्रावर सापडलेला.

ओरोंझोकाका : आता वरचं घर बघ, चौदा. धंदा : ‘चक्रावरची मुलं घेणे’. ती माझी पणजी. भिंतीत लाकडी चक्र होतं. बाहेरून कुणी मूल ठेवायचं, दोरी ओढून घंटा वाजवायची आणि निघून जायचं. पणजी आतून चक्र फिरवून उचलून घ्यायची. नुसत्या पावलांवरून ओळखायची, ठेवून जाणारी कुठल्या आळीतली आहे ते.

मारिस्टेल्ला : हे गाढवाच्या खात्यातलं की खऱ्या?

ओरोंझोकाका : ते तूच ठरव. तुला मुलं किती?

मारिस्टेल्ला : दोन. का?

ओरोंझोकाका : मग एक सांग. दहा वर्षांपूर्वीच्या गणतीत हीच पोम्पिलिया सूत कातत होती. आता एकोणीस. लग्न नाही. घरात एक आंधळी आजी, आणि हे चक्रावरचं मूल. दुसरं पोर नाही. काय गं, दूध कुठून आलं?

मारिस्टेल्ला : थांबा. लग्न नाही, दुसरं पोर नाही...

ओरोंझोकाका : सूत कातून काही दूध येत नाही.

मारिस्टेल्ला : काका! अहो बाबा! बाबा, आत या!

कोसिमो : काय झालं? छत पडलं की ओरोंझ्यानं पुन्हा गाढव काढलं? घरी पावट्याचं वरण गार होऊन ढेकूळ झालं असेल.

मारिस्टेल्ला : बाबा, बसा. पोम्पिलिया निकोलांना पाजत होती. पण लग्न झालेलं नाही, दुसरं मूल नाही. ती त्यांची आईच...

कोसिमो : पुरे. तिचं दुसरं मूल होऊन वारलं असेल.

ओरोंझोकाका : वाटलंच होतं, तू हे म्हणणार. ही मृत्यूची वही, ही जन्माची. १८८०, १८८१. तिच्या नावावर बाळ नाही, ना जन्मलेलं, ना गेलेलं. शोध, तुझा चष्मा माझ्यापेक्षा महाग आहे.

कोसिमो : आणि नियम? आईला आपलंच मूल गावातर्फे पाजायला मिळत नव्हतं. एवढं मलाही ठाऊक आहे.

ओरोंझोकाका : नियम होता म्हणून तर हा सगळा खटाटोप! बिनलग्नाची पोरगी मूल घेऊन बसली असती, तर तिला आळीत कोणी पाणी दिलं नसतं. तेच मूल चक्रावर ठेवून सकाळी दाराशी येऊन म्हणाली, ‘मला पाजायचं काम द्या,’ तर लोक म्हणणार, बिचारी पोट भरते. पणजी सांगायची, सकाळी पहिली जी येईल, तिचं झंपर ओलं आहे का बघायचं. ओलं असलं तर काही विचारायचं नाही. मूल तिच्याच हातात द्यायचं.

कोसिमो : आळीला काय, झंपर दिसत नव्हतं?

ओरोंझोकाका : दिसत होतं. बोलायचं नव्हतं.

कोसिमो : थाप! तुझ्या पणजीनं हवालदार गाढवही पाहिलं असेल. आम्हाला जन्मभर ‘इन्चेर्ती’ म्हणून हाक मारली गावानं. कुणाचा ठाऊक नाही, त्याची औलाद. शाळेत, लग्नात, सगळीकडे. आणि आज तू म्हणतोस, आई समोरच्या गल्लीत होती?

ओरोंझोकाका : माझ्यावर नको ठेवूस विश्वास, कुणीच ठेवत नाही. कागदावर ठेव. गाव दीड वर्ष पाजण्याचे पैसे द्यायचं, मग मूल लेच्चेच्या अनाथालयात. मारिस्टेल्ला, १९०१ची वही उघड. घर पंधरा.

मारिस्टेल्ला : पोम्पिलिया, वय एकोणचाळीस, अविवाहित. धंदा विणकर. निकोला इन्चेर्ती, वय वीस, गवंडी.

ओरोंझोकाका : वीस वर्षांचा घोडा, मिशा फुटलेल्या. त्याला काय पाजायला ठेवला होता गावानं?

*(कोसिमो वही स्वतःकडे ओढून घेतो.)*

कोसिमो : ती मला अंजीर द्यायची. सुकवलेलं, आत बदाम. मी सहा वर्षांचा असताना गेली. आजोबा रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचे. लोकांसमोर ‘अहो, तुम्ही’ करायचे तिला.

मारिस्टेल्ला : आणि दार लावून घेतल्यावर?

कोसिमो : मी बाहेर पायरीवर, अंजीर खात.

ओरोंझोकाका : अर्ज माझ्याकडे आहे. सकाळीच आणून ठेवला, म्हटलं लागला तर लागला. मी लिहितो, तुला अक्षर दिसेनासं झालंय.

कोसिमो : चष्मा धुरकटलाय नुसता. लिही.

ओरोंझोकाका : अर्जदाराचं नातं?

कोसिमो : पणतू.

ओरोंझोकाका : आमच्या नगरपालिकेला मेलेल्या माणसाचाही धंदा लागतो. काय घालू? वहीत दोन आहेत.

कोसिमो : विणकर घाल. पाजणं हा काही तिचा धंदा नव्हता.