तिसरं बोट

न्हाई, पण मी म्हणतो, माणसानं माणसाला आतून पाहावंच कशाला? देवानं वरून कातडं कशासाठी घातलंय... झाकायलाच ना? मग झाकलेलं ऱ्हाऊ द्यावं. पण हे आमच्या सिंधुला कोण सांगणार. पोरगी नांदेडला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला हाय, तिचा फोन आला, "अप्पा, आमच्या कॉलेजचं म्युझियम दोन दिवस लोकांसाठी उघडं ठेवलंय, अन् माहिती सांगायला मला उभं केलंय, तुम्ही अन् आई याच." आता तुम्हाला सांगतो, म्युझियम म्हणलं की माझ्या डोळ्यांपुढं हैदराबादचं आलं. तलवारी, घड्याळं, नवाबाच्या खुर्च्या. म्हणलं, चला. तसंही अहमदपुरात माझं बियाण्याचं दुकान, दुष्काळाचं हे दुसरं वर्ष, कोण नेतंय बियाणं... दिवसभर मी अन् माशा. दुकानाला कुलूप घातलं, आमच्या शिवकांताला म्हणलं ती जांभळी साडी नेस, अन् एसटीत बसलो.

तर दारातच एक माणूस उभा. उभा म्हणजे टांगलेला. नुसती हाडं. मी गडबडीत त्याला नमस्कारच करून बसलो. बाजूला स्टुलावर खाजामियाँ म्हणून तिथले जुने शिपाई, अठ्ठावीस वर्षांची नोकरी, ते म्हणले, "आवो साब, आवो, ये किसी को कुछ नै करते."

आत गेलो. तलवार न्हाई, घड्याळ न्हाई. नुसत्या काचेच्या बरण्या. आपल्याकडं लोणच्याच्या असतात ना, तशा, अन् त्यात... आता जेवायच्या वेळेला मी सांगत न्हाई. काळीज, किडनी, आतडी, सगळे आपापल्या बरणीत गळ्यापर्यंत बुडून निवांत बसलेले. मला पहिला विचार काय आला सांगू? आमच्या गल्लीत नवव्या दिवशी टँकर येतो, बायका घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरतात, अन् इथं मेलेल्याच्या एकेका अवयवाला स्वतंत्र पाणी. मी खाजामियाँना विचारलं, हे पाणी किती दिवसांनी बदलता? ते म्हणले, "पानी नै साब, दवा है. पानी तो मेरे घर के नल को बी नै."

आता शिवकांताचं ऐका. मला वाटलं बाई घाबरंल, चक्कर येईल. कसली चक्कर? ती अशी फिरून राहिली जशी काय संक्रांतीच्या बाजाराला आलीय. एका बरणीत पित्ताचे खडे होते, तर त्यापुढं वाकून म्हणते, "सिंधु, हे किती सुबक हायेत गं. माझे काढले ते असेच होते का? मला त्या डॉक्टरनं नीट दाखवलेच न्हाईत." अन् मी? फुप्फुस पाहिलं की खोकला. किडनी पाहिली की कंबर धरली. दारू पिणाऱ्याचं लिव्हर पाहिलं, आमच्या सात पिढ्यांत कुणी दारूला शिवलं न्हाई, तरी उजव्या कुशीत कळ आली. मी सारखा दाराकडं पाहून राहिलो. म्हणलं, सिंधु, चहा कुठं मिळतो? म्हणली, "अप्पा, थांबा ना, माझं टेबल तर पुढंच हाय."

तिचं टेबल पुढं होतं. तिथंच तर माझं मरण होतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. तीस वर्षं झाली, माझ्या डाव्या गालात तंबाखू-सुपारी. झोपेतसुद्धा गाल रिकामा ऱ्हात न्हाई. अन् आठ महिन्यांपासून त्याच गालात आतून एक पांढरा चट्टा. दुधावर साय धरते ना, तसा. ठेचा खाल्ला की आग. मी शिवकांताला म्हणायचो, तू तिखट वाढवलंस. तिनं बिचारीनं मिरची कमी केली, मग आणखी कमी केली, शेवटी आमच्या घरात वरणभात असा झाला की पाहुण्यांनी विचारावं, कुणी आजारी हाय का? पण मी बोललो न्हाई. चट्टा काय, येतो, जातो. झाकलेलं ऱ्हाऊ द्यावं.

अन् पोरीचं टेबल नेमकं तोंडाचं. बरणीत जबड्याचा अर्धा भाग, दोन दातांसकट, अन् गालाच्या जागी... जाऊ द्या. भोवती वीस-पंचवीस माणसं. उमरीकडचे शेतकरी, कॉलेजची पोरं, एक पेन्शनर. अन् पांढरा कोट घालून आमची सिंधु. तुम्हाला सांगतो, घरात ही पोरगी जेवायला हाक मारली तर 'ओ' देत न्हाई, अन् इथं असं खणखणीत बोलून राहिली की एक म्हातारा मला ढोसून म्हणला, "डॉक्टरीणबाई लई हुशार हाय." मी म्हणलं, माझीच हाय. छाती अशी फुगली. अन् तेवढ्यात ती म्हणली, "गालात आतून पांढरा चट्टा येतो, सायीसारखा. तिखट लागलं की आग होते. माणूस कुणाला सांगत न्हाई, घरच्यांना म्हणतो भाजी तिखट झालीय."

फुगलेली छाती जागेवर बसली.

मी हळूच मागं सरकून राहिलो तर ती म्हणली, "आता सगळ्यांनी आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. तिन्ही गेली तर ठीक. न्हाई गेली तर तपासून घ्या." झालं. पंचवीस माणसं तोंडात बोटं घालून उभी. पेन्शनरनं आधी दातांची कवळी काढून खिशात ठेवली, मग बोटं घातली. शिवकांतानं बांगड्या सावरून घातली. अन् मी... माझी दोनच जातात. महिनाभर आधीच कळलं होतं मला, बुंदीचा लाडू फोडून खावा लागायला लागला तेव्हा. मग मी काय केलं, दोन बोटं आत घातली अन् तिसरं असं तळहाताला मुडपून लपवलं, अन् मान हलवली, जशी काय तिन्ही मावली.

पोरीनं पाहिलं, तिला वाटलं बरोबर हाय, ती पुढं बोलायला लागली. सुटलो. तर कानाशी खाजामियाँ, अगदी हळू, "साब, तीसरी उंगली बाहर है."

मी डोळ्यांनीच म्हणलं, गप बसा. ते गप बसले न्हाईत. त्या बरणीकडं पाहून म्हणले, "अठ्ठाईस साल से इनकी काच पोंछता हूँ. इनों बी किसी के अब्बा थे."

ते हळूच बोलले, पण सिंधुनं ऐकलं. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मुडपलेलं बोट पाहिलं. बोलता बोलता तिचं वाक्य मधेच तुटलं. माणसं थांबली. मला वाटलं, आता ही रडंल, न्हाईतर चारचौघांत मला ओरडंल. दोन्ही न्हाई. तिनं पाण्याची बाटली उचलली, एक घोट घेतला, राहिलेली सगळी माहिती शेवटपर्यंत सांगितली, त्या म्हाताऱ्याच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. मग टेबल मैत्रिणीच्या हवाली केलं अन् माझं मनगट धरलं. लहानपणी ती जत्रेत हरवू नये म्हणून मी तिचं धरायचो, तस्सं. अन् चालायला लागली. मी म्हणलं, अगं सिंधु, चहा... तिनं पाऊल आणखी उचललं. शिवकांता मागून पदर सावरत येत होती. मी मात्र वाटभर बडबडून राहिलो, काही न्हाई गं, उष्णता हाय, दुष्काळ हाय, पाणी कमी पडतंय अंगाला. दातांच्या विभागात तिनं मला खुर्चीत बसवलं अन् पहिल्यांदा तोंड उघडलं. "अप्पा, आता तुम्ही उघडा."

बॅटरी लावून तिनं आत पाहिलं. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. बॅटरीचा उजेड माझ्या नाकावर नाचत होता. म्हणली, "मी दर सुट्टीला घरी येते. तुमच्यासमोर बसून जेवते. मला कसं दिसलं न्हाई?" मी म्हणलं, मी दिसू दिलं न्हाई.

तिच्या मोठ्या डॉक्टरांनी गालाचा बारका तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवस लागतील म्हणले. ते दहा दिवस मी दुकानात बसलो अन् बियाण्याची एकेक पिशवी पुसून काढली, दोन-दोनदा. शिवकांता रोज भस्म लावताना देवापुढं जरा जास्त वेळ बसायची. अकराव्या दिवशी सिंधुचा फोन. "अप्पा, कॅन्सर न्हाई. पण त्याच रस्त्यावरचा थांबा हाय. इथं उतरलात तर वाचलात." उतरलो. तंबाखू सुटली. कशी सुटली ते विचारू नका, भिंतीचा चुना पाहिला तरी जीव जायचा.

अन् तोंड उघडावं म्हणून व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं. मी सुरुवात केली सतरा काड्यांनी, आता एकवीस मावतात. आणखी दहा मावल्या की पोरगी खूश. हे दुकानातच करावं लागतं, दुसरा इलाज न्हाई. अन् दुकानासमोरच्या ओट्यावर सध्या बैठक कशाची? तर नव्या जिल्ह्याची. उदगीर जिल्हा होणार म्हणतात, मग अहमदपूर त्यात जाणार का लातुरातच ऱ्हाणार, यावरून गावाचे दोन तुकडे झालेत. एक पार्टी येते, "नागप्पा, उदगीरच बरं ना?" माझ्या तोंडात काड्या, मी मान हलवतो, म्हणजे थांबा, बोलता येत न्हाई. ते खूश होऊन जातात. मग दुसरी पार्टी, "नागप्पा, लातूर सोडायचं न्हाई ना?" पुन्हा मान. तेही खूश. गेल्या सोमवारी दोन्ही पार्ट्यांनी आपापल्या कृती समितीचा अध्यक्ष निवडला, एकमतानं... दोन्हीकडं मीच.

डॉक्टर म्हणले, आता चार वेळा नको, तीन वेळा केलं तरी चालंल. मी म्हणलं, नको साहेब, गावात ऱ्हायचंय, सहा वेळा करतो.