घागरीच्या पेटीवर

कोल्हापूरच्या स्टँडवर काकी-पुतणे गाडीची वाट पाहत बसले होते. बावन्न सालच्या विधानसभेचा निकाल आदल्या दिवशी लागला होता. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची त्याच्या चिन्हाची वेगळी पेटी असे आणि मताचा कागद तिच्या फटीतून आत टाकायचा असे. लेकीकडे गारगोटीला निघालेल्या तानाबाईंनी विचारले.

“जोतीराम, किती मतांनी पडला रं तुझा भाऊ अप्पा?”

“चौदा.”

“लई न्हाईत.”

“म्हणून तर जास्त लागतंय. मंगळवार पेठेतल्या बायकांस्नी तूच घेऊन गेलतीस न्हवं, काकी?”

“व्हय की. माझ्यासकट सतरा जणी. समद्यांनी अप्पाच्या घागरीलाच मत दिलं.”

“कागद पेटीत नीट घातलासा न्हवं?”

“पेटीत कशाला? पेटीवर ठेवला. आधी मी ठेवला, मग समद्यांस्नी तसंच सांगितलं.”

“वर ठेवला?”

“पेटीवर घागरीचं चित्र, म्हंजे घटच की. वाहायचं ते घटाम्होरं ठेवत्यात, बाबा. घटात हात कोण घालतं? मी तर कुंकूबी लावलं.”

“मग पेटीला फट कशाला ठेवलीती?”

“मला वाटलं, वारा जायाला.”

“पेटीबाहेर घावलेले कागद सायबानं रद्द केले, काकी.”

“किती?”

“सतरा.”

गारगोटीची गाडी येऊन उभी राहिली. तानाबाई पायरीवर थांबल्या.

“अप्पाला सांगणार हायस व्हय?”

जोतीरामने त्यांचे गाठोडे खिडकीतून बाकावर ठेवले आणि तो पेठेतल्या अप्पाच्या घराच्या दिशेने चालू लागला.