कुठल्या कोपऱ्यात उभं राहू?

...नाही, मी म्हणतो, चिठ्ठी टाकून मत द्यायला काय धाड भरली होती? पडदा असतो, पेटी असते, आत माणूस आणि त्याचा देव, बाहेर कोणी विचारलंच तर "थंडी फार पडलीय" म्हणावं आणि घरचा रस्ता धरावा. पण अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात ते नाही. आमच्या पक्षाचा उमेदवार ठरवायचा तर ऐन फेब्रुवारीत, नाकातला श्वास गोठत असताना, शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांच्या देखत उभं राहायचं हो! बायकोच्या देखत, मित्राच्या देखत, गिऱ्हाइकांच्या देखत...

आणि माझा धंदा कसला? मी ऑर्व्हल ट्वेट, घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करतो. गावात असं तळघर नाही जिथे मी पाठीवर पडून वर बघितलेलं नाही. मी भट्टीखाली, हातात पाना, आणि घरमालक जिन्याच्या पायरीवर कॉफी घेऊन बसलेला, राजकारण सांगतोय. आता तुम्ही सांगा, दुसऱ्याच्या तळघरात, दुसऱ्याच्या भट्टीखाली पडलेला माणूस वाद घालील? मी आपला म्हणतो, "तुमचं बरोबर आहे." वरच्या आळीत म्हणतो, खालच्या आळीत म्हणतो. भट्टी पेटते, माणूस खूश, मी पुढच्या घरी.

पण यंदा पक्षात उभी फूट. एकीकडे मवाळ, एकीकडे जहाल. मवाळांचे गव्हर्नर हॅलोरन... हळूहळू घ्या, कोणाला दुखवू नका, आधी निवडून तर येऊ. जहालांच्या सिनेटर प्रुइटबाई, त्यांची माणसं स्वतःला पुरोगामी म्हणवतात... सगळ्यांना सरकारी औषधपाणी, आणि तेही आत्ताच्या आत्ता. मवाळ म्हणतात, जहाल आपल्याला बुडवणार. जहाल म्हणतात, मवाळ बुडालेलेच आहेत, त्यांना फक्त अजून ओलं लागलेलं नाही.

आणि मवाळांच्या कोपऱ्याचा म्होरक्या कोण? मर्ल कोपेकी! गोठलेल्या तळ्याला भोक पाडून, मासे धरत, ज्याच्याशेजारी माझे सगळे हिवाळे गेले तो मर्ल. आणि प्रुइटबाईंच्या कोपऱ्यात, बिल्ला लावून, सगळ्यांत पुढे कोण? लव्हॉन. माझी बायको.

लव्हॉन पूर्वी अशी नव्हती. तिचा भाऊ रसेल गेला आणि ती बदलली. रसेलला मधुमेह. नोकरी सुटली, नोकरीबरोबर विमा सुटला, आणि हा पठ्ठ्या इन्सुलिन अर्धं अर्धं करून घेत राहिला. कोणाला बोलला नाही. शेजारच्या गावात राहत होता, दर रविवारी जेवायला येत होता, समोर बसून हसत होता... आणि आम्हाला कळलं ते दवाखान्यातून फोन आला तेव्हा. तेव्हापासून लव्हॉनच्या पुढे कोणी "हळूहळू" म्हटलं की ती त्या माणसाकडे नुसती बघते. ते बघणं मला सोसत नाही. म्हणून घरीही मी म्हणायचो, "तुझं बरोबर आहे." आणि तळ्यावर मर्ल म्हणायचा, "अरे, ही बाई नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षापुढे हरणार आणि आपल्यालाही घेऊन बुडणार," की तिथेही म्हणायचो, "मर्ल, तुझं बरोबर आहे." आणि खोटं नव्हतं हो! दोघांचं बरोबरच वाटायचं, हीच तर पंचाईत.

सभेच्या दिवशी मी म्हटलं, ताप आल्यासारखं वाटतंय. लव्हॉनने माझ्या कपाळाला हात लावून बघितलं आणि म्हणाली, कोट घाल.

व्यायामशाळेत शिरलो तर सारा गाव. एका भिंतीशी मवाळ, समोरच्या भिंतीशी जहाल, मधे बास्केटबॉलचं मैदान.  तेवढ्यात दिसलं, दाराजवळ एक तिसरा कोपरा, "अजून ठरलेलं नाही" वाल्यांचा! देवानेच पाठवला असं वाटलं. तिथे दोनच माणसं. एक शाळेचे जुने मास्तर, त्यांचं ऐकायचं यंत्र कानातून पडलं होतं आणि त्यांना वाटत होतं सभा अजून सुरू व्हायचीय. दुसऱ्या हिल्डाआजी, त्यांना कोणीतरी चिलीचं गरम कालवण आणि दालचिनीचे रोल मिळतील म्हणून आणलं होतं. मी त्यांच्यामधे जाऊन असा उभा राहिलो, की जन्मापासून तिथेच राहतोय.

मोजणी झाली. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तिसऱ्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नाहीत, कोपरा मोडला, आता दुसरीकडे जा. मास्तरांना त्यांच्या सुनेने हाताला धरून नेलं. हिल्डाआजींनी दोन्हीकडे नजर टाकली, खुर्ची कुठे रिकामी आहे ते पाहिलं आणि तिकडे गेल्या. अशा वयात माणूस शहाणा होतो. राहिलो मी. दोन्ही भिंतींशी माणसं अगदी सारखी, आमच्या भागातून पक्षाच्या अधिवेशनाला जाणारा शेवटचा प्रतिनिधी कोणाचा ते माझ्यावर अडलेलं, आणि मी एकटा त्या भल्यामोठ्या मैदानात. सगळ्यांच्या देखत उभं राहायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

मवाळांतून दवाखान्याचे डॉक्टर शुमाकर म्हणाले, "ऑर्व्हल, ये की. परवा माझ्या तळघरात तूच म्हणालास ना, माझं बरोबर आहे म्हणून?"

समोरून ग्रंथालयातल्या ब्रिजिटबाई म्हणाल्या, "मलाही तेच म्हणाला."

मग आणखी कोणीतरी म्हणालं, मला पण. मग इकडून एक, तिकडून एक... आणि मग सगळे गप्प. हसलेसुद्धा नाहीत हो. हसले असते तर बरं झालं असतं. अख्खा गाव माझ्याकडे बघतोय आणि प्रत्येकजण मनातल्या मनात आपलं तळघर आठवतोय!

मर्ल पुढे आला. आवाज खाली आणून म्हणाला, "ऑर्व्हल, मला प्रुइटबाईंचा राग नाही. मला नोव्हेंबरची भीती वाटते. रात्री झोप लागत नाही." आणि खरंच त्याचे डोळे लाल होते.

मग लव्हॉन आली. मला वाटलं आता रसेलचं नाव निघणार, आणि निघालं तर मी खलास. पण ती म्हणाली, "मी तुला ओढायला आले नाही. कुठेही उभा राहा. पण का, ते एकदा तोंडाने सांग."

का? मला आजवर कोणी का विचारलंच नव्हतं!  म्हटलं, "लव्हॉन, मला भीती वाटते. तुझं म्हणणं हवंय मला. पण आपण हरलो तर तेही जाईल आणि आहे तेही जाईल. मला जेवढं मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यायचंय." आणि गेलो, तुम्हाला सांगतो, मर्लच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तिथे टाळ्या वाजल्या. मला वाटलं कोणीतरी माझ्या पाठीवर बर्फ ओतला.

शेवटचा प्रतिनिधी मवाळांना गेला. मर्लने मिठी मारली. लव्हॉनने खुर्च्या आवरायला मदत केली, एकेक घडी घालून भिंतीशी लावली, आणि मग गाडीत येऊन बसली.

 दोन्ही बाजूंना बर्फाचे ढिगारे, मधे आमची गाडी. मी म्हटलं, भांड, ओरड, काहीतरी कर. शेवटी फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "रसेल असता तर तुझ्याच शेजारी उभा राहिला असता. तोही घाबरतच जगला. जेवढं मिळेल तेवढ्यात भागवत."

मी गाडी बंद केली.   ती बरोबर असेल आणि मीही बरोबर असेन, तर मग चुकलं कोण, हे मला जेवताना रसेलच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं की कळेनासं होतं.

ती उतरली नाही. समोर बघत म्हणाली, "एवढी वर्षं तू मला 'तुझं बरोबर आहे' म्हणत आलास. त्यातलं खरं किती?"

 म्हटलं, बरंचसं. म्हणाली, बरंचसं म्हणजे? मग काय करता... सांगितलं. स्वयंपाकघराचा पिवळा रंग मला आवडत नाही. तिच्या बहिणीकडे नाताळ नको वाटतो. ती ट्यूना मासळी घालून भाजते ते कॅसरोल... तेही सांगितलं. ती ऐकत होती. मधेच तिने डोळे पुसले, आणि मधेच, कॅसरोलच्या वेळी बहुतेक, ती हसली. मग म्हणाली, "बरं. आता असंच."

आणि तेव्हापासून असंच चाललंय! गावात भट्ट्या बिघडतात, मला बोलावतात, पण पायरीवर कोणी बसत नाही, तळघर दाखवतात आणि वर निघून जातात. त्या शांततेची भीती वाटते. नोव्हेंबरची तर वाटतेच. पण खरं सांगू? रोज सकाळी लव्हॉन समोर ताट ठेवते, हाताची घडी घालते आणि विचारते, "कसं झालंय?"... आणि थांबते. नोव्हेंबरचं काय, निवडणूक चार वर्षांनी एकदा येते हो. न्याहारी रोज असते.