शेवटची बरणी

माननीय अध्यक्ष उद्धवराव, व्यासपीठावरची संस्थेची मंडळी, माझे सहशिक्षक, गावकरी बंधूंनो, सतरंजीवर बसलेल्या भगिनींनो, आणि मागे खिडक्यांत चढून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

शाल मिळाली, नारळ मिळाला. मानपत्रात मला 'अखंड उत्साही' म्हटलं आहे. खरं सांगू? उत्साह कधीच संपला. त्यानंतरचं सगळं सवयीनं चाललं. मी दमलोय, हे आज बोललो तर कुणी रागावणार नाही ना?

मी भूगोल शिकवला. त्यातही जास्त करून दगडमाती. काळा पाषाण उन्हापावसानं फुटतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते, हे दरवर्षी नव्यानं सांगितलं. पाषाणाला घाई नसते, मुलांना फार असते. म्हणून मी एक प्रघात पाडला. नव्या मुलानं घरच्या शेतातली ओंजळभर माती आणायची आणि गोळ्यांच्या रिकाम्या बरणीत भरून कपाटात ठेवायची. वाकडची काळीभोर, ताथवड्याची मुरमाड, अशी कितीतरी रानं त्या कपाटात नांदत होती.

आत्ताच उद्धवराव म्हणाले, की गुरुजींचं कपाट जसंच्या तसं नव्या मास्तरांच्या हाती देऊ. अध्यक्षमहाराज, क्षमा करा, कपाट रिकामं आहे.

त्याचं असं झालं, की कारखान्यांसाठी जमिनी गेल्या आणि लोकांनी दुसरीकडे घरं बांधली. नव्या दारातल्या तुळशीला माती मात्र आपल्याच रानातली हवी. रानाला तर तारेचं कुंपण, फाटकावर पहारेकरी. मग कुणाला तरी आठवलं, की आपली माती शाळेत आहे. एकेक करत बरण्या गेल्या. 'अहो, हा शाळेचा नमुना आहे,' असं मी म्हणून पाहिलं. पण समोर बाई पदर पसरून उभी राहिली, की नमुना कसला नि काय!

आता एकच बरणी उरली आहे. ती कुणाची, हे सगळ्या सभेला ठाऊक आहे. सोनबा या टोकाला बसलेत आणि त्यांचे धाकटे भाऊ कोंडाजी त्या टोकाला. माती सोनबांनी आणली, तेव्हा शेत एक होतं. पुढे कोंडाजी शाळेत आले आणि म्हणाले, "आमच्या दादानं आणलीया की." मी म्हटलं, बरोबर आहे, एका शेताला एक बरणी पुरे. नंतर वाटणी झाली, मध्ये बांध पडला, त्या बांधावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, बोलणं बंद झालं. आता शेतही गेलं आणि बांधही गेला. अबोला तेवढा कुणी ताब्यात घेतला नाही.

त्यांच्या आई शालनबाई म्हणतात, तुळशीत रानातली माती पडल्याशिवाय कुठल्याच पोराच्या घरात पाऊल ठेवणार नाही. त्या सध्या रहाटणीला भावाच्या पडवीत राहतात. दोन मुलांची आई, आणि पडवीत!

सोनबा माझ्याकडे आले. "गुरुजी, माती म्या आणली व्हती." मागोमाग कोंडाजी आले. "गुरुजी, चुनखडीचं पांढरं खडं बघा हिच्यात. ही वढ्याकडची हाय, म्हंजी माझ्या वाटणीतली." बरोबर होतं. ओढ्याकडच्या मातीत चुनखडी सापडते, हे त्यांना मीच शिकवलं होतं. शिकवल्याचा असा उपयोग होईल, असं मात्र वाटलं नव्हतं. म्हटलं, अर्धी-अर्धी घ्या, पण वाटणी दोघांच्या देखत होईल. तर एकमेकांसमोर उभं राहून घ्यायला दोघंही तयार नाहीत.

बसा कोंडाजी, उठू नका. झालंच माझं.

शेवटी मी रहाटणीला गेलो आणि बरणी शालनबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण काढून बोटांनी माती चाचपली, परत झाकण लावलं. म्हणाल्या, "गुरुजी, ही घेतली तर एकाच्या दारात जावं लागंल. मग दुसरा माझ्याशी बी बोलायचा न्हाई. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." परत येताना मला रस्ता सरता सरेना. मला वाईट वाटलं. अजून वाटतं आहे.

उद्या मी वाईला माझ्या गावी निघतोय. बरणी माझ्या ट्रंकेत आहे. एकटा येईल त्याला चहा मिळेल, बरणी मिळणार नाही. दोघांनी एकाच एसटीनं यायचं. आणि उशीर करू नका. माझं वय झालंय, आणि शालनबाई माझ्याहून मोठ्या आहेत.

संस्थेनं मला सांभाळलं, गावानं आपलं मानलं, मुलांनी माझा रटाळपणा सोसला. सर्वांचा मी ऋणी आहे. समारंभात घरगुती गोष्ट काढली, बोलण्यात अधिकउणं झालं, ते सगळ्यांनी पोटात घालावं. सोनबा, कोंडाजी, तुम्ही मात्र नाही घातलंत तरी चालेल. माझ्याशी भांडायला या. पण दोघं मिळून या.