कानामागचा ठिपका

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय गंगूताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे प्रेमानंद सर, महिला बचत गटाच्या सर्व पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या गिऱ्हाईक बायांनो, आणि त्यांना न्यायला येऊन दाराशीच अडकलेल्या भावांनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

शाल दिलीत, साडी दिलीत, आणि आखाडा बाळापुरातल्या माझ्या सव्वीस वर्षांच्या पार्लरबद्दल इतकं गोड बोललात, की हा दुसऱ्याच कुणा निर्मलाबाईचा निरोप समारंभ असावा असं वाटून राहिलं. मी दमले आहे. बसून बोलते, अध्यक्षांनी परवानगी द्यावी. दुकान बंद होणार नाही, पल्लवी चालवणार आहे. मलाच आता होत नाही. ही बोटं बघा, थंडीत भेगांतून रक्त येतं. केस सरळ करायच्या क्रीमचा धूर इतकी वर्षं नाकात गेला, आता चार पायऱ्या चढले तरी दम लागतो. तक्रार म्हणून नाही सांगत, कुणी विचारलं म्हणून सांगितलं.

प्रेमानंद सर आत्ता म्हणाले, केसांच्या कोणत्या बाटलीत काय आहे ते निर्मलाताईंना बराबर कळतं. सर, पहिली सतरा वर्षं काही कळत नव्हतं. बाटलीवर बदामाचं चित्र, म्हणजे आत बदाम, एवढंच माझं शिक्षण. नऊ वर्षांपूर्वी पल्लवी शिकायला आली. सायन्सची पोरगी. तिनं पहिल्याच आठवड्यात बाटली फिरवली आणि म्हणाली, "ताई, मागून वाचा. जे जास्त असतं त्याचं नाव आधी लिहितात." आधी होतं मिनरल ऑइल. बदाम पार शेवटी, सुगंधाच्या शेजारी. शांपूला भरपूर फेस येतो तो सल्फेटमुळे, वरच्या रिठ्याच्या चित्रामुळे नाही, हेही तिनंच सांगितलं. बरं, रसायन म्हटलं की विषच, असंही नाही. ती म्हणते, पाणीसुद्धा रसायनच आहे. कुणाला काय सोसतं, किती सोसतं, तेवढं बघायचं.

हे मी तुम्हाला इतक्यांदा सांगितलं की आज परत सांगायचा कंटाळा येतो. तुम्हाला ऐकायचाही यायचा. केस काळे करायला आलात की मी कानामागं रंगाचा एक ठिपका लावायची आणि दोन दिवसांनी या म्हणायची. तुम्ही म्हणायच्या, "लग्न उद्यावर आलं, आन् तुमी ठिपके लावून राहिल्या व्हय?" आणि दुसऱ्या पार्लरात जायच्या. मी तुमच्यावर कधी रागावले नाही. पण ठिपका काहून लावते, तेही कधी सांगितलं नाही. गंगूताईंनी दहा मिनिटं दिली आहेत, त्यातली निम्मी आभारात आणि बाटल्यांतच गेली. उरलेल्यात सांगते.

अकरा वर्षांपूर्वी डोंगरकड्याच्या शकुंतलाबाई लेकीच्या हळदीच्या सकाळी माझ्याकडे आल्या. घाईत होत्या. मी त्यांच्या केसांना काळी मेंदी लावली. संध्याकाळी हळद झाली. ती हळद जनकाबाईंनी दळली होती आणि त्यांनीच सगळ्यांना लावली. तेव्हा चार गावांत कुठंही लग्न असलं की हळदीला जनकाबाईच लागायच्या. घरची हळकुंडं, घरचं जातं, आणि गाणी तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाईंचं तोंड सुजून आलं, डोळे मिटले. लेकीचं लग्न त्या माउलीनं पापण्यांच्या फटीतून पाहिलं. मांडवातच लोक बोलायला लागले, हळदीत काहीतरी कालवलं होतं. कुणी म्हणालं, त्या बाईचा हातच चांगला नाही.

शकुंतलाबाईंची नणंद माझ्याकडे विचारायला आली. "तुमच्या मेंदीनं तर न्हाई ना झालं, ताई?" मी म्हणाले, "मेंदी कधी बाधती व्हय? पाला तो. हळदीचंच बघा तुमी." असं म्हणाले आणि पुढच्या बाईच्या भुवया करायला घेतल्या. त्यानंतर जनकाबाईंना हळदीला कुणी बोलावलं नाही. सख्ख्या भाचीच्या हळदीतही त्या मागं बसून होत्या.

पुढं दोन वर्षांनी पल्लवीनं त्याच मेंदीचं खोकं वाचलं. "ताई, मेंदीच्या पाल्यानं केस लाल होतात. अर्ध्या तासात काळे करते ती मेंदी न्हाई." तिनं आतल्या रसायनाचं नाव वाचलं, पॅराफिनिलीनडायअमिन. आत घडी घातलेला कागद होता, त्यावर लिहिलं होतं: आधी कानामागं लावून अठ्ठेचाळीस तास थांबा, काहींचं तोंड सुजतं, डोळे सुजतात. सतरा वर्षं तो कागद मी खोक्यासकट फेकत होते. त्या दिवशी कळलं, जनकाबाईंच्या हळदीत फक्त हळद होती.

त्याच दिवशी त्यांच्या घरी जायला पाहिजे होतं. गेले नाही. दुकानाची भीती वाटली, लाज वाटली. ठिपके लावत राहिले आणि पुढचं तरी नीट करते आहे, असं मनाला समजावत राहिले. जनकाबाई बाजारात भेटायच्या, "बरं हाय ना, बाई?" म्हणायच्या. मी मान हलवून पुढं जायची. केसांच्या कामानं माणूस दमतो, पण या मान हलवण्यानं मी जास्त दमले.

काल डोंगरकड्याला जाऊन शकुंतलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला काय सांगून राहिल्या? तिला सांगा. चारचौघांत सांगा." जनकाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मीच त्यांना आग्रहानं बोलावलं. दीक्षा, माईकचा आवाज वाढव बाई, मागं दारापर्यंत जाऊ दे. त्यांच्या हळदीत काही नव्हतं. माझ्या मेंदीत होतं.

पल्लवी, दुकान तुझं. तो कागद फेकू नकोस.

गंगूताईंचे, प्रेमानंद सरांचे आणि बचत गटाचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर सर्वांनी पोटात घालावं. जनकाबाई, तुम्ही मात्र घालू नका. अकरा वर्षं तुम्ही गप्प राहिलात. आता वर या, हा माईक घ्या, आणि मला जे सुनवायचं असेल ते या सगळ्यांसमोर सुनवा. बोलले बसून, पण तुमचं उभी राहून ऐकते.