न झाडलेल्या बंदुका

(आखातातल्या अल मुंतझामधला फ्लॅट, बांधाबांध झालेली. दारात कार्गोवाला जालिंदर, खांद्यावर खोकं.)

जालिंदर : काका, हे घ्या परत. हापिसात कुणी हात लावंना.

अलका : अरे, सकाळीच तर नेलंस. लाकूडच आहे आत, वीत-वीतभर.

जालिंदर : आत काय बी असू द्या काकू. वर काय लिवलंय ते वाचा की.

अलका : ‘एक्सपेरिमेंटल मिलिटरी स्नायपर रायफल्स. रेअर.’ अहो, हे तुम्ही लिहिलंत?

देवीदास : मग काय लिहू? मेसईदच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये जन्म गेला माझा. जे आत, तेच वर.

जालिंदर : मॅनेजर खुर्ची सोडून भिंतीला टेकला, काका. मलाच म्हणतो, तू उघड.

अलका : आणि उद्या आमचं विमान. कायमचं गावी निघालोय रे आम्ही.

देवीदास : राहू दे. जालिंदर, जाताना खाली कचऱ्याच्या डब्यापाशी ठेव.

अलका : काही ठेवायचं नाही. टेकव ते इथं, पाणी पी आधी. आणि तुम्ही, असं भिंतीकडे तोंड करून बसू नका.

देवीदास : तुला तर बरंच की. सवती म्हणायचीस ना त्यांना?

अलका : म्हणायची. मंडळाच्या हळदीकुंकवात ओवीच केली होती, जालिंदर.
सवत गं माझी, लाकडाची काया,
तिला तेल चोळी, माझा भोळा राया.

जालिंदर : आमची आजी असंच गायची जात्यावर. पण काका, असल्या बंदुका जमवायच्या कशाला म्हणतो मी?

देवीदास : खऱ्या कुठं मिळतात? चाचणीपुरत्या एक-दोनच बनवलेल्या असतात, त्या परदेशातल्या संग्रहालयात. मी फोटो जमवले, मापं जमवली अन् स्टोअरमधल्या मालाच्या पॅलेटच्या लाकडात कोरल्या. थांब, खोकं उघडतो. ही बघ. हिला दोन नळ्या.

जालिंदर : मग फौजेनं घेतली न्हाई?

देवीदास : नापास केली. ही दुसरी फार जड, ही वाळूत अडकायची. सगळ्या नापास.

जालिंदर : म्हंजे पास झालेली एक बी न्हाई?

अलका : नाही ठेवत ते. मी विचारलं होतं एकदा, नवीन लग्न झालेलं तेव्हा. म्हणाले, पास झालेल्या बंदुकीनं कुणाला ना कुणाला गाठलेलं असतं. ह्या नापास बंदुकांनी कुणाच्या घरचा दिवा नाही विझवला.

देवीदास : तुझ्या लक्षात आहे ते?

अलका : त्यावरच तर सवती नांदवल्या मी. नाहीतर कधीच चुलीत घातल्या असत्या.

देवीदास : इथं गॅस आहे.

अलका : थट्टा सुचली बाई एकदाची. जालिंदर, कागद बदलला तर नेशील?

जालिंदर : नेतो की. पण खोटं लिवू नका. तिथं कस्टमवाले उघडून बघत्यात.

देवीदास : खेळणी लिहू नकोस. खेळणी नाहीत ती.

अलका : खेळणी कोण म्हणतंय? द्या तो मार्कर. ‘लाकडी नमुने. वीतभर लांब. घरी हातानं कोरलेले.’ पुरे?

जालिंदर : खाली कोरणाऱ्याचं नाव टाका. तेवढं विचारत्यात.

देवीदास : का थांबलीस? टाक की.

अलका : सगळा संसार ‘अहो’वर काढलाय. असं कोरडं कसं लिहू?

जालिंदर : मग उखाण्यात घ्या काकू. पण यल्ला, चला लवकर, गाडी रस्त्यातच लावलीय.

देवीदास : तिला घाई करू नकोस रे.

अलका :
बंदुकीच्या नळीत चिमणीनं केलं घर,
देवीदासांचं नाव लिहिते मी खोक्यावर.

जालिंदर : झ्याक. आणा, उचलतो.

देवीदास : थांब जरा जालिंदर. शाई वाळू दे.