वेशीबाहेर म्हणजे कुठे?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती आदरणीय बबनराव. पांढरकवड्याहून एवढ्या उन्हात आलेले डॉक्टरसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, आमखेड्याचे सरपंच सदाशिवराव. व्यासपीठावरचे वडीलधारे नानाजी. समोर बसलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि दाराबाहेर कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या माझ्या तांड्यावरच्या मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

आत जागा आहे, या की. नाही येत? बरं, तिथून ऐकू येत असेल तर तिथेच थांबा.

मी देवीलाल, या शाळेतला मास्तर. तुमच्या पोरांनी माझ्याबद्दल घरी जे सांगितलं असेल ते बहुतेक खरंच असावं. नाल्यापलीकडच्या तांड्याचे नायक लालसिंग यांचा मी मुलगा, म्हणून तांड्याच्या वतीने दोन शब्द बोला असा मला निरोप आला. सदाशिवराव उद्या दुपारच्या एस.टी.ने यवतमाळला मुलाकडे कायमचे राहायला जात आहेत. अशा वेळी माणसाने गोड बोलावं, हे मला कळतं. मी प्रयत्न करणार आहे.

पण आत्ताच डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की हैदराबाद रोडवर पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रोगी पुन्हा सापडले आहेत, आणि उद्या सकाळी लस टोचणाऱ्यांची जीप आमखेड्यात येणार आहे. त्या जीपबद्दल मला शेवटी एक मागणं मागायचं आहे. ते विसरलो तर अध्यक्षांनी आठवण करावी.

सदाशिवरावांनी या गावासाठी काय केलं नाही? ही शाळा त्यांनी उभी केली. पंचायतीसमोरचा कंदील त्यांनी लावला. सुताराला आणि गवंड्याला एका पंगतीत बसवून त्यांचं जुनं भांडण मिटवलं. मी तांड्याचा असूनही माझी बदली याच शाळेत व्हावी म्हणून तेच यवतमाळला खेटे घालत होते. हे मी खाल्ल्या मिठाला जागून सांगतो आहे.

नानाजींनी त्यांच्या भाषणात आणखी एक काम सांगितलं, आणि त्यावर सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. तीन वर्षांमागच्या वैशाखात सदाशिवरावांनी महामारी गावाच्या वेशीबाहेर घालवली, असं ते म्हणाले. टाळ्या मीही वाजवल्या. वाजवता वाजवता मनात आलं, वेशीबाहेर म्हणजे कुठे?

पोरांना मी भूगोल शिकवतो. चार दिशा सांगितल्याशिवाय मी कोणाला खाली बसू देत नाही. आमखेड्याच्या वेशीबाहेर, नाला ओलांडला की, आम्ही राहतो.

त्या वैशाखात ही साथ समुद्रापलीकडून देश ओलांडत आली, असं नंतर कळलं. आपल्याला मात्र ती पलीकडच्या आळीतून आल्यासारखी वाटली. पहिला मेला तो आमखेड्याचाच तरणा माणूस, बाजारातून आला आणि सकाळ त्याने पाहिली नाही. पण गावात बोललं जाऊ लागलं की, 'तांड्यावरच्या बाया मोळ्या घेऊन घरोघर फिरून राह्यल्या, त्यायच्यासंगं बिमारी येते.' एकाने म्हटलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याला ते पाठ झालं. विहिरीवर आमच्या बायकांना मनाई झाली. नाल्याच्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. आमच्याकडचं पाणी आटलेलं. आम्ही नाल्याच्या वाळूत झिरे खणले आणि त्यातलं गढूळ पाणी प्यायलो. त्याच नाल्यावर आजाऱ्यांचे कपडेही धुतले जात होते.

मी इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सदाशिवराव स्वतः ज्वारीची पोती घेऊन काट्यांपर्यंत आले आणि ती पलीकडे लोटून दिली. तांडा उपाशी मरू नये एवढी माया त्यांच्या पोटात होती. काटे मात्र त्यांनी हलवले नाहीत.

मग गावाने मरीमायचा गाडा काढला. डॉक्टरसाहेब शहरातले, म्हणून सांगतो. सुतार लहानसा लाकडी गाडा करतो. त्यात कडुलिंबाच्या लाकडाची देवी बसवतात, हिरव्या बांगड्या, लिंबं, नैवेद्य ठेवतात, आणि डफडं वाजवत शेजारच्या शिवारात नेऊन सोडतात. मागे वळून कोणी पाहत नाही. ज्यांच्या शिवारात गाडा आला त्यांनी दिवस बुडायच्या आत तो पुढच्या शिवारात न्यायचा. दिवस बुडाला की मरी तिथेच मुक्कामाला राहिली, असं मानतात. आमखेड्याचा गाडा आमच्याकडे आला. काट्या तेवढ्यापुरत्या बाजूला झाल्या आणि गाडा गेल्यावर पुन्हा पडल्या.

माझ्या वडिलांनी गाड्याचा दोर हातात घेतला. डोंगरावर कोलामांचं पोड आहे, आठ-दहा झोपड्यांची वस्ती. गाडा तिकडे न्यायचा होता. तेवढ्यात माझी आई, भुरीबाई, घागरा सावरत आली आणि गाड्याच्या वाटेत फतकल मारून बसली. आमच्या बोलीत जे बोलणं झालं ते मराठीत सांगतो.

वडील म्हणाले, "ऊठ. दिवस बुडतो आहे."

ती म्हणाली, "पोडाच्या पुढे कोणतं गाव आहे?"

"पुढे गाव नाही. जंगल आहे."

"मग ते कोणाकडे नेतील?"

"ते त्यांचं पाहतील."

आई म्हणाली, "आपल्याबद्दलही आज सकाळी कोणीतरी असंच म्हणालं असेल."

माणसांनी शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. हात धरून तिला ओढायची कोणाची छाती झाली नाही, कारण ती नायकाची बायको होती. दिवस बुडाला. गाडा आमच्याकडे राहिला.

त्यानंतर तांड्यावर जे झालं ते मी या मंगल प्रसंगी विस्ताराने सांगत नाही. एवढंच सांगतो की लेंगीची गाणी म्हणणारे आवाज त्यानंतरच्या होळीला कमी पडले. आई घरोघर तांदळाची पेज घेऊन फिरली. लोक तिच्या हातची पेज पीत होते आणि तिलाच दोष देत होते.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलं. मी आवरतं घेतो.

त्याच दिवसांत टोचणीची जीप आमखेड्यात आली. गावाला लस टोचली गेली, विहिरीत लाल औषध पडलं, आणि गावातली साथ हटली. जीप नाल्यापर्यंतही आली होती. मी काट्यांच्या पलीकडे उभा होतो. आई सकाळपासून पटकीने पडून होती, म्हणून मी मदत मागायला आलो होतो. जीपमधल्या साहेबांनी विचारलं, "पुढे वस्ती आहे का?" आपल्यातलेच पुष्कळ जण तिथे होते. सगळ्यांनी सदाशिवरावांकडे पाहिलं.

सदाशिवराव म्हणाले, "समोर जंगल हाय साहेब. रस्ता बंद हाय."

ते खोटं बोलले नाहीत. पुढे जंगल आहेच, आणि रस्ताही बंदच होता. गाडी तांड्यावर जाऊन परत गावात आली तर बिमारी घेऊन येईल, ही भीती त्यांना होती. मी हाका मारल्या, पण जीपचं इंजिन मोठं. जीप वळली. पुढच्या खेपेला ती दुसऱ्या वाटेने आमच्याकडे पोचली, तेव्हा माझ्या आईला तिची गरज उरली नव्हती.

सदाशिवराव, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाला खाली पाहायला लावावं म्हणून मी उभा राहिलो नाही.

डॉक्टरसाहेब, आपणांस एक विचारतो. पटकी गाड्यातून येते का? गाडा पुढे गेला असता तर आमची माणसं वाचली असती का?

साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. मी आपला फार ऋणी आहे. कडुलिंबाखालच्या मंडळींनो, पाहिलंत ना? आजही तांड्यावर भांडण झालं की मला ऐकवतात, तुझ्या याडीने गाडा अडवला आणि आमची माणसं खाल्ली. माझी याडी, माझी आई, कोणाची माणसं खाऊन गेली नाही. तिने पोडावरच्या माणसांना, त्यांचं नावही तिला ठाऊक नसताना, माणसं मानलं. एवढं एक काम तिच्या हातून झालं आणि त्याबद्दल तिचा सत्कार कुठे झाला नाही. तो आज इथे, दुसऱ्याच्या समारंभात, मी उरकून घेतला. सदाशिवराव मला माफ करतील.

आता मागणं. आज येताना डोमाजी सुतारांच्या अंगणात मी दोन लहान चाकं पाहिली, नव्या लाकडाची. डोमाजी, तुमचा दोष नाही, तुम्हाला सांगणाऱ्यांनी सांगितलं. नाल्याच्या वाटेवर कालपासून ताज्या काट्या आहेत, मी चप्पल हातात घेऊन कडेने आलो. माझ्या घरात दोन लेकरं आहेत. रोग आला तर मला भीती वाटणारच. पण त्याहून जास्त भीती मला वाटते ती या सभागृहाची, कारण इथे सगळी चांगली माणसं बसली आहेत, आणि त्या दिवशी जीपभोवतीही चांगलीच माणसं उभी होती.

मी गाडा अडवा म्हणत नाही, काटे काढा असंही आज म्हणत नाही. उद्या सकाळी जीप येईल. साहेब नवीन असतील, त्यांना वाट ठाऊक नसेल. ते विचारतील, पुढे वस्ती आहे का? सदाशिवराव, तुमची एस.टी. दुपारची आहे. सकाळी तुम्ही नाल्यावर या. लोक आजही तुमच्याच तोंडाकडे पाहतील. तुम्ही फक्त एक शब्द बोला: आहे.

तो शब्द तुमच्या तोंडून निघाला, तर तांड्याकडूनही तुम्हाला निरोप मिळाला असं समजा. आमच्याकडे हार नाही, पण माणसं नाल्यापर्यंत पोचवायला येतील.

मला बोलायला उभं केलंत, आणि मध्येच खाली बसवलं नाहीत, याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात पायरी सुटली असेल, वयाचा मान राहिला नसेल, तर लहान समजून पोटात घाला. टाळ्या मात्र आज वाजवू नका. मी काट्यांच्या पलीकडे उभा असेन, आणि या वेळी जीपच्या इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडायची पाळी माझ्यावर येऊ देऊ नका.